हरायला लागलेला वेळ

देवीदास पाग्याला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला सोडून रायपूरच्या अख्ख्या बूढापारा मोहल्ल्याला माहीत होती. भनपुरीला त्याचा ट्रकच्या टायरांचा धंदा. टायर विकता विकता तो आधी गणेश मंडळाचा उपाध्यक्ष झाला, मग कोणाकोणाच्या गाडीमागे फिरून सामन्याच्या आयोजन समितीत शिरला. गळ्यात ओळखपत्राची फीत आली तेव्हापासून अंघोळ करतानाही तो ती काढतो की नाही, अशी त्याच्या वहिनीला शंका होती.

वहिनी म्हणजे विनोदिनी. माहेर वर्ध्याचं, शिक्षण नागपूरचं, आणि सासर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मुरलेलं. समता कॉलनीत तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. पागे घराण्याला आपल्या इतिहासाचा फार अभिमान. एवढ्या पिढ्यांत घराण्यातला एकही माणूस अंगाला घाम येईल असं काही करताना दिसलेला नाही, असं विनोदिनीचं मत होतं. ते ती बोलून दाखवत नसे, पण चेहऱ्यावरून लपतही नसे.

त्या हिवाळ्यात परदेशातल्या बायकांचा एक संघ आपल्याकडे दौऱ्यावर आला होता. देश बेटांचा, चिमुकला. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, रायपुरात चार माणसांनाही तो नकाशावर दाखवता आला नसता. आपल्या पोरींचा संघ तेव्हा असा जोरात होता, की घरच्या मैदानावर त्यांना कोणी हरवल्याचं कोणाला चटकन आठवत नव्हतं. पहिले दोन सामने पाहुण्या असे हरल्या, की माणसं समोसे घ्यायला गेली आणि परत येईस्तोवर बक्षिसं वाटून झाली, असं पेपरात कोणीतरी लिहिलं. तिसरा सामना रायपूरला.

सामन्याला थोडे दिवस उरले असताना देवीदास क्लिनिकमध्ये आला. खुर्चीत बसलेल्या पेशंटबाईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"वहिनी, उद्यापासून तुमाले स्टेडियमवर याचं हाये."

"कोणी ठरवलं?"

"मीनं. त्या पाहुण्यांच्या फिजिओबाईले कावीळ झाली. मागच्याच शहरात दवाखान्यात पडून हाये बिचारी. त्यांचा मॅनेजर म्हणे, लोकल कोणी द्या. मी म्हटलं, बाहेर कायले शोधता, आमच्या घरातच हाये. समितीतले सगळे खुश!"

"अन् मले विचारलं का भाऊजी?"

"आता विचारून राहिलो ना."

विनोदिनी नाही म्हणणार होती. तोंडात शब्द आलाही होता. पण नागपूरला शिकत असताना तिनं दोन वर्षं खेळाडूंचे पाय हातात घेतले होते. पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पोरींचे, तारेसारखे ताणलेले पाय. त्यानंतर आजवर नुसते कॉलनीतल्या शेठजींचे गुडघे. तिनं देवीदासकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हा मूर्ख आहे, पण मूर्खाच्या हातूनही कधी काम होतं.

"येते," ती म्हणाली. "पण माझ्या कामात तोंड घालाचं नाही."

"हव, हव," देवीदास म्हणाला आणि निघूनही गेला. ऐकलं असेल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नव्या रायपुरात पोचली. शहर संपलं, शेतं लागली, शेतं संपून पुन्हा रुंद रस्ते लागले. रस्ते होते, दिवे होते, चौकात पुतळे होते, माणसं तेवढी यायची राहिली होती. त्या मोकळ्या माळावर ते थोरलं स्टेडियम उभं. आत मुख्य मैदानावर आपला संघ सराव करत होता. पाहुण्यांना मागच्या बाजूची जाळी दिली होती. तिथली खेळपट्टी सकाळीच कोणीतरी पाणी मारून ओली करून ठेवली होती. मुद्दाम नव्हे. मुद्दाम करायलाही समोरच्याला थोडं मोजावं लागतं. ह्यांना कोणी मोजतच नव्हतं.

पाहुण्यांचा मॅनेजर ऑगस्टीन नावाचा, पांढऱ्या दाढीचा, सगळ्यांना सॉरी म्हणणारा गृहस्थ होता. खेळपट्टी ओली म्हणून तोच माळ्याला सॉरी म्हणत होता. त्यानं विनोदिनीला कप्तानाकडे नेलं.

कप्तान टिल्डा. पस्तिशीची, रुंद खांद्यांची, उन्हानं रापलेली. ती एका पोरीवर ओरडत होती. झेल सुटला म्हणून ओरडत होती, आणि ओरडायची थांबली ती विनोदिनीकडे वळून बघण्यापुरती.

"तू फिजिओ आहेस, की मालिशवाली?" तिनं इंग्रजीत विचारलं. "मागच्या गावी त्यांनी मला फिजिओ म्हणून ब्यूटीपार्लरवाली पाठवली होती."

"मी फिजिओ आहे. आणि तुझा डावा पाय तू टाचेवर टाकत नाहीयेस," विनोदिनी म्हणाली.

टिल्डानं डावी टाच जमिनीला टेकवली. मग ती ड्रेसिंग रूमकडे चालू लागली, आणि विनोदिनीनं मागोमाग यावं हे तिनं गृहीत धरलं.

टिल्डा टेबलावर पालथी पडल्यावर विनोदिनीनं तिच्या मांडीमागून बोटं फिरवली. हॅमस्ट्रिंगमध्ये एका जागी खोलगट लागत होतं, आणि तिथं दाबताच टिल्डानं टॉवेल दातात धरला. स्नायू थोडा फाटलेला होता. आजचा नव्हे, मागच्या सामन्यातला.

"खेळायला नको," विनोदिनी म्हणाली. "थोडं फाटलंय. जोरात पळालीस तर अर्धा जाईल."

"कोणाला सांगायचं नाही."

"मॅनेजरला सांगावं लागेल."

"ऑगस्टीनला सांगितलं तर तो रडेल, आणि रडत रडत तुमच्या लोकांना जाऊन सांगेल. माझा पाय आहे. सांगायचं ते मी सांगेन." ती उठून बसली. "तुमच्या इथे सगळे हसून बोलतात आणि खोली देतात ती जिन्याखालची. निदान तू हसत नाहीस."

ही बाई उद्धट आहे, विनोदिनीच्या मनात आलं. थकलेल्या माणसाचा उद्धटपणा कळू शकतो. हिचा तसा नव्हता, हिला जगच आपल्याहून कमी वाटत होतं. सगळ्यांनी हिच्या संघाला तुच्छ मानावं, आणि हिनं सगळ्यांना; भलतंच जमलं होतं. पण पाय मात्र, तिनं बर्फ लावता लावता कबूल केलं, पाय खरा खेळाडूचा होता.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी देवीदास पासांचं पाकीट घेऊन बूढापाऱ्यातल्या घरी आला. पास वाटायचा त्याला सोस. कोणाला पहिल्या रांगेचा, कोणाला मागचा, ह्यावर त्यानं गल्लीत दोन भांडणं लावून दिली होती. विनोदिनी जेवायला वाढत होती. नवरा नरहर आणि मुलगी ईरा पाटावर... म्हणजे टेबलावरच, पण नरहर अजून मांडी घालूनच बसायचा.

"उद्या मंत्रीजी येऊन राहिले," देवीदासनं जाहीर केलं. "बक्षीस त्यांच्याच हातून. दुपारी येतीन, साडेचारले बक्षीस, अन् तिथून सिधं विमानतळावर. दिल्लीची मिटिंग हाये. मी मिनिट-टू-मिनिट प्रोग्राम लावला."

"मॅच साडेचारला संपणार हे कोणी सांगितलं?" विनोदिनीनं विचारलं.

"अहो, त्या बायका टिकते का साडेचारवरी? चारलेच आटोपतीन." त्यानं वरणाचा भुरका मारला आणि आवाज खाली आणला. "अन् वहिनी, त्या कप्तानीनचा पाय दुखून राहिला म्हणते लोक. खरं का?"

"कोणते लोक?"

"असेच. सांगा ना. आपल्या पोरींच्या कोचले सांगितलं तं मान वाढते आपली."

"पेशंटचं मी सांगत नाही."

"पेशंट!" देवीदास हसला. "ते काय आपल्या पाऱ्यातली हाये का?"

नरहर भात कालवता कालवता म्हणाला, "सांग ना विनू. घरातल्या घरात तं गोष्ट हाये."

विनोदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नरहर वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायलासुद्धा कणा लागतो, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं.

"चाचू, पेशंट की बात बाहर नहीं बोलते," ईरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "बेसिक है."

"पाहा! पोट्टी शिकवून राहिली मले!" देवीदासनं जेवण पुरतं केलं, पण पास देताना विनोदिनीच्या घरच्यांना मागच्या रांगेचे दिले.

सामन्याच्या दिवशी ऊन छान होतं. शाळांच्या बसगाड्या भरभरून पोरं आणली होती. पोरांच्या गालांवर झेंडे, हातांत भोंगे. आपल्या संघानं आधी फलंदाजी घेतली आणि मग काय, धुलाईच. पाहुण्यांच्या बॉलर धावत येत, चेंडू टाकत, आणि पाठ फिरवून सीमारेषेकडे बघत. तीनशेच्या पुष्कळ पुढे धावा गेल्या. एका षटकारानंतर आपली फलंदाज बॅट खांद्यावर टाकून चक्क जांभई देताना मोठ्या पडद्यावर दिसली, आणि पंचवीस-तीस हजार माणसं खदखदून हसली. विनोदिनी पाहुण्यांच्या बाकावर बसली होती. आपलीच पोरगी, आपलाच झेंडा, तरी तिला त्या जांभईची शिसारी आली.

टिल्डा मात्र क्षेत्ररक्षण करताना कोणालाच सोडत नव्हती. एका पोरीनं चेंडू अडवला नाही तर भर मैदानात तिला हातवारे करून हाकललं. स्वतः तिनं लंगडणं असं लपवलं होतं, की दोन्ही पाय सारखेच मोडलेत असं वाटावं.

दुपारी मंत्रीजी आले. त्यांच्यामागे देवीदास, नवा कोट घालून, हात पुढे बांधून. पाहुण्यांची फलंदाजी सुरू झाली आणि देवीदासचं गणित बरोबर ठरायला लागलं. एक आली, गेली. दुसरी आली, गेली. टिल्डा चौथ्या क्रमांकावर उतरली. थोडा वेळ ती बरी खेळली. तिच्या बॅटचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा, भरीव होता. मग एक चोरटी धाव काढताना ती अर्ध्या वाटेत अशी थांबली, जणू कोणी मागून पाय धरला. हॅमस्ट्रिंग. लंगडत कशीबशी पोचली, पण पुढं उभं राहता येईना. दोघींच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली. भोंगे वाजले.

आत टेबलावर विनोदिनीनं पाय पाहिला. मांडीचा मागचा भाग गरम, फुगत चाललेला. "गेला," ती म्हणाली. टिल्डानं भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर गळती चालूच होती. पाऊण तासात आठ बाद झाल्या. नववी बाद होताच पंचांनी पाहुण्यांच्या बाकाकडे बघितलं. आता उरली होती शेवटची अकरावी, ती खेळपट्टीवर उभी. आणि जखमी होऊन परतलेली टिल्डा. जखमी फलंदाज पुन्हा येऊ शकते. ती आली नाही, तर डाव तिथंच संपला. आणि पूर्वीसारखा बदली धावायला दुसरा माणूस आता मिळत नाही. यायचं तर स्वतःच्या पायांवर.

चार वाजायचे होते. देवीदास धापा टाकत ड्रेसिंग रूमच्या पॅसेजमध्ये आला.

"वहिनी, संपवा आता. मॅनेजरले सांगा, कप्तान खेळू नाही शकत. तो तुमचंच आयकते."

"तुमाले काहून घाई?"

"मंत्रीजी दोनदा घड्याळ पाहून राहिले! स्टेज लागलं, कॅमेरावाले उभे केले. अन् मी खोटं थोडंच सांगा म्हणतो? तिचा पाय खरंच गेला ना? खरं ते सांगा, बस."

हेच तर होतं. विनोदिनीला आयुष्यात पहिल्यांदा देवीदासच्या तोंडून खरं वाक्य ऐकायला मिळालं, आणि तिला वाटलं की ते पुसून काढावं. पाय खरंच गेला होता. टिल्डानं खेळू नये हेच खरं. कॉलेजात जे शिकली त्याच्या बळावर तिनं हेच सांगायला हवं होतं. पण तिच्या खऱ्याचं पायपुसणं करून हा माणूस मंत्र्याच्या गाडीचं दार उघडायला धावणार होता.

"बाहेर थांबा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आत ऑगस्टीन उभा होता, हात चोळत. "मॅडम, तिला खेळता येईल का? तुम्ही नाही म्हटलंत तर मी पंचांना कळवतो. सॉरी, पण तुम्हीच सांगा."

टिल्डा टेबलावर उठून बसली होती. पॅड बांधत होती. एका पायाचं बांधून झालं होतं, दुसऱ्यापर्यंत हात पोचत नव्हता.

"हिनं खेळू नये," विनोदिनी सावकाश म्हणाली. "स्नायू फाटलाय. खेळली तर जास्त फाटेल. पुढचे सामने गेले, कदाचित पुढचे कित्येक महिने गेले. हे मी तिला सांगतेय, तुम्हीही ऐका."

"म्हणजे खेळता येणार नाही," ऑगस्टीन म्हणाला.

"तसं मी म्हटलं नाही. खेळता येईल. एका पायावर, खूप दुखून. नये आणि येत नाही, ह्यात फरक आहे. ठरवायचं तिनं."

टिल्डानं वर पाहिलं. कृतज्ञतेनं वगैरे नाही. गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघतं तसं. "मग बडबड काय करतेस? बांध."

विनोदिनीनं बांधलं. मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी ओढून ओढून घेतली. तिला राग आला होता आणि तो हातात उतरला होता. टिल्डा एकदा ओरडली. विनोदिनीनं हात सैल केला नाही.

पॅसेजमध्ये देवीदासनं दाराबाहेर येणारी टिल्डा पाहिली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. ती त्याच्या नव्या कोटाला बॅट घासून पुढं गेली. मुद्दाम घासली की काय, कोण जाणे.

ती मैदानावर आली तेव्हा पोरांनी भोंगे वाजवले. मग कोणीतरी सुरुवात केली: "लंगडी! लंगडी!" पाहता पाहता सगळं स्टेडियम तालावर ओरडू लागलं. शाळेच्या मास्तरणीसुद्धा हसत टाळ्या वाजवत होत्या. शहर म्हणून आपण मोठे झालो, राजधानी झालो, स्टेडियम बांधलं, आणि पाहुणीला पाहून ओरडायला आपल्याला एवढंच सुचतं! विनोदिनी बाकावर बसून दात आवळून बघत राहिली.

टिल्डानं धावायचंच नाही असं ठरवलं होतं. चेंडू आला, की उजव्या पायावर सगळा भार टाकून बॅट पुढं. थड. पुन्हा चेंडू. थड. दुसऱ्या टोकाला अकरावी, एक चष्मेवाली बॉलर, घरी शाळेत भूगोल शिकवणारी. तिला टिल्डा दर चेंडूनंतर बॅटीच्या खुणेनं सांगत होती: हलू नकोस. षटक संपलं की भूगोलवालीची पाळी, ती डोळे मिटून बॅट लावायची, आणि चेंडू कसाबसा लागायचा किंवा लागायचा नाही.

आधी आपल्या कप्तानाला गंमत वाटली. तिनं चारी बाजूंनी पोरी आणून बॅटीला खेटून उभ्या केल्या. मग चेंडू आखूड पडू लागले, छातीवर, बरगडीवर. एक टिल्डाच्या दंडावर बसला. तिनं दंड चोळलासुद्धा नाही, बॉलरकडे बघून थुंकली. ही काही सुंदर फलंदाजी नव्हती. ह्यात धावा नव्हत्या, आशा नव्हती. दोनशेहून जास्त धावा हव्या होत्या आणि त्या काढायचा प्रयत्नही कोणी करत नव्हतं. नुसता नकार होता.

"लंगडी"चा ताल आधी मोडला, मग थांबला. पोरं कंटाळली. भोंगे एकेक करत गप्प झाले. बसगाड्यांचे मास्तर पोरांना उठवू लागले. वर मान्यवरांच्या कक्षात मंत्रीजी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. देवीदास खाली-वर, खाली-वर करत होता. एकदा तो पाहुण्यांच्या बाकापाशी आला.

"वहिनी, त्या बाईले म्हणा, आता पुरे. काय करून राहिली ती? जिंकते का?"

"नाही."

"मंग?"

"मले काय माहीत? तुम्हीच विचारा जाऊन."

खरं म्हणजे विनोदिनीलाही तेच विचारायचं होतं. हा हट्ट कशाला? मांडीतला स्नायू धाग्याधाग्यानं तुटत असेल, प्रत्येक थडला. मूर्ख, गर्विष्ठ, आडमुठी बाई! पण तिची नजर हलत नव्हती. हे नेमकं कौतुक होतं की संताप, ते तिला ठरवता येईना.

साडेचार होऊन गेले. मंत्रीजींचा ताफा निघाला. लाल दिव्यांची रांग त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून विमानतळाकडे जाताना स्टेडियमच्या वरच्या पायऱ्यांवरून दिसली, आणि दाराशी हात जोडून उभा राहिलेला देवीदास कोणाच्या नजरेत न येता तसाच मागे राहिला.

त्यानंतरही खेळ चालला. ऊन पिवळं झालं. शेवटी भूगोलवालीचा धीर सुटला. एक चेंडू तिनं उगाच उचलला आणि सोपा झेल गेला. पाहुण्या हरल्या, जशा हरायच्याच होत्या, प्रचंड फरकानं. भूगोलवाली रडवेली होऊन टिल्डाकडे आली, तर टिल्डानं तिला जवळ घेतलं नाही. "काय गरज होती?" म्हणून तिच्यावर भर मैदानात खेकसली, आणि एकटी, पाय ओढत बाहेर निघाली. आपली कप्तान हात पुढे करून आली. टिल्डानं हात मिळवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जांभई देताना तोंडावर हात ठेवायला सांग तुझ्या पोरीला."

बक्षीस समारंभ झाला. स्टेजवर समितीतले चार जण, समोर रिकाम्या खुर्च्या, आणि चषक कोणी द्यायचा ह्यावर देवीदासचं आणि दुसऱ्या एका सदस्याचं माइकसमोरच हमरीतुमरीवर आलं.

ड्रेसिंग रूममध्ये पट्टी सोडली तेव्हा मांडी काळीनिळी झाली होती. विनोदिनीनं पाय उंच ठेवला, बर्फाची पिशवी लावली. मग तिला राहवलं नाही.

"काय मिळवलंस?"

टिल्डा डोळे मिटून पडली होती. "गेले दोन सामने ते आम्हाला त्यांच्या वेळेनं हरवत होते. बसची वेळ, विमानाची वेळ, बक्षिसाची वेळ. आज सगळे घाईत होते. मी नव्हते."

"आणि त्यासाठी पाय घालवला?"

"पाय माझाच होता." मग ती म्हणाली, "पट्टी गुडघ्यामागे काचत होती. नीट बांधायला शीक."

विनोदिनीला तिच्या काळ्यानिळ्या मांडीवर एक चापट मारावीशी वाटली. तिनं बर्फाची पिशवी जरा जोरात दाबली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास घरी आला तो भांडायलाच.

"नाक कापलं तुम्ही माझं! समितीत तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. एक शब्द सांगाचा होता, तोही खरा! घरचं माणूस म्हणून नेलं अन्..."

"खरा शब्द मी सांगितला," विनोदिनी चहा ओतत म्हणाली. "ज्याले सांगाचा त्याले. तुमच्या मंत्र्याच्या विमानासाठी नाही सांगितला."

"त्या लंगडीनं काय दिलं तुमाले? थँक्यू तरी म्हटलं का?"

"नाही. शिव्या दिल्या."

"मंग?"

"मंग काही नाही. तुम्ही तं एवढी वर्षं गोड बोलून राहिले भाऊजी. तुमाले कोणी काय दिलं?"

देवीदास नरहरकडे वळला. "दादा, तू काही बोलशील का नाही?"

नरहरनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि म्हणाला, "थंडी वाढली नाही आज?"

ईरा फसकन हसली. देवीदास चपला घालून निघून गेला, आणि जाताना फाटक असं आपटलं की शेजारच्या स्कूटरचा आरसा फिरला.

तो गेल्यावर ऑगस्टीनचा फोन आला. नेहमीप्रमाणे आधी सॉरी. त्यांची फिजिओ अजून आजारीच होती. दौऱ्याचे दोन सामने बाकी होते, पुढचा विशाखापट्टणमला. मॅडम येऊ शकतील का? कप्तान खेळणार नव्हती, पण तिनं घरी परत जायला नकार दिला होता. "तिनंच तुमचं नाव घेतलं," तो म्हणाला. "म्हणजे, नाव तिला माहीत नाही. ती म्हणाली, ती जी हसत नाही ती."

विनोदिनीनं फोन ठेवला आणि दोघांना सांगितलं.

"अन् घरचं?" नरहर म्हणाला. "क्लिनिक?"

"शेठजींचे गुडघे कुठे पळून नाही जात."

"पण तुले आवडत तं नाही ती बाई."

"बिलकूल नाही आवडत," विनोदिनी म्हणाली आणि बॅग काढायला आत गेली. ईरा मागून आली आणि न विचारता कपाटातून आईचे दोन स्वेटर काढून बॅगेत टाकले. "मम्मी, वहाँ समुंदर है, ठंड नहीं होगी," असं म्हणून तिनंच ते पुन्हा बाहेर काढले.

हॉटेलसमोर बस उभी होती. आत पोरी खिडक्यांना डोकी टेकून बसल्या होत्या, गप्प, पण आदल्या दिवसापेक्षा जरा कमी चुरगळलेल्या. भूगोलवाली एकटीच काहीतरी खात होती. पुढच्या बाकावर टिल्डा, एका सीटवर स्वतः आणि दुसऱ्या सीटवर पाय पसरून. विनोदिनी चढली तसं तिनं अंगठ्यानं मागचा भाग दाखवला.

"मागे जागा आहे."

"पाय काढ," विनोदिनी म्हणाली.

"डॉक्टरनं उंच ठेवायला सांगितलाय."

"डॉक्टर मीच आहे. उचल."

टिल्डानं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग दोन्ही हातांनी आपला पाय उचलला, विनोदिनी बसली, आणि टिल्डानं तो पाय धाडकन तिच्या मांडीवर ठेवून दिला. जड होता. बस नव्या राजधानीच्या मोकळ्या रस्त्याला लागली, तेव्हा विनोदिनी गुडघ्यामागची पट्टी सोडून पुन्हा बांधत होती, आणि टिल्डा मान वळवून, कसं बांधते ते बारकाईनं, तिरस्कारानं बघत होती.